वास वाढला की बाहेर या

१४ एप्रिल, मंगळवार

आज पहिली टाकी उपसली. उपसली कसली, अर्धी माझ्याच अंगावर घेतली.

सकाळी शिट्टीमास्तरांनी सगळं नीट दाखवलं होतं. शिट्टीमास्तर म्हणजे तळ्याकाठच्या कॅम्पचे व्यवस्थापक; लोक राहायच्या गाड्या घेऊन सुट्टीला येतात तिथे. गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून हे नाव. गाडीच्या पोटाखाली संडासाच्या टाकीचं तोंड असतं, त्याला आपल्या ट्रकवरच्या पाइपचा जोड बसवायचा, पिळून घट्ट करायचा, हलवून बघायचा. मग पंप चालू. आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह उघडायचा. मी व्हॉल्व्ह आधी उघडला. पुढचं लिहीत नाही. गुडघ्यापर्यंत भिजले एवढं पुरे. ज्यांची कॅम्पर व्हॅन होती ते गृहस्थ बायकोमुलांना घेऊन चार पावलं मागे सरले. मला एक टॉवेल दिला, तोही दोन बोटांत धरून. परत नको म्हणाले.

गेल्या आठवड्यापर्यंत मी याच कॅम्पच्या लाँड्रीत चादरी धूत होते. जुना पंपवाला कंबर गेली म्हणून सोडून गेला. सीझन तोंडावर आलेला, मास्तर ज्याला त्याला विचारत फिरत होते, कुणी हे काम धरेल का. सगळे बुटांकडे बघत उभे. मी म्हटलं, मी करते. घरात कमवून आणायला आता मी एकटीच आहे.

यांची नोकरी फेब्रुवारीत गेली. हे तळ्यावरच्या हॉटेलात मुख्य आचारी. होते, असं लिहायला शिकलं पाहिजे. मालकीणबाईंशी काहीतरी वाजलं आणि बाईंनी त्याच दिवशी यांना घरी बसवलं. म्हणे जेवण खराब होतं! यांच्या हातचं जेवण! ज्यांनी भांड्यावरचं झाकणसुद्धा न उचलता सांगावं की मीठ कमी पडलंय, त्यांचं! त्या बाईचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

घरी आले ती मागच्या लोखंडी जिन्याने. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दुकानातून आले असते तर गिऱ्हाइकं पळाली असती. यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "लांब राहा हो, आधी मला न्हाणीघरात जाऊ दे."  हे तसेच पुढे आले आणि मला जवळ घेतलं. घट्ट. नाकसुद्धा मुरडलं नाही.

मी मेली उभ्या उभ्या रडले.

१७ एप्रिल, शुक्रवार

हात बसतोय. मैल्याची टाकी आधी, सांडपाण्याची नंतर. भांडी धुतलेलं, अंघोळीचं साबणाचं पाणी मागून गेलं की पाइप आपोआप धुऊन निघतो. पाइपच्या तोंडाशी काचेसारखा एक तुकडा आहे, त्यातून काय जातंय ते दिसतं. रंग उतरला, पंपाचा आवाज घशात अडकल्यासारखा झाला की टाकी संपली. ट्रकवरची मोठी टाकी भरली की कॅम्पच्या टोकाला पत्र्याची शेड आहे, तिथे जमिनीत मोठी टाकी आहे, तिच्यात रिकामी करायची.

लोक बोलतात माझ्याशी, पण खिडकी लावून. ओठ हलताना दिसतात.

हे संध्याकाळी दारात उभेच असतात. आल्या आल्या जवळ घेतात. मी लाजते आता. इतक्या वर्षांनी हे काय म्हणून. लग्न नवं होतं तेव्हा कांदा चिरून आले तरी म्हणायचे, हात धू आधी.

२३ एप्रिल, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. यांची थोरली बहीण. स्पष्टवक्त्या म्हणवून घेतात, म्हणजे समोरच्याने ऐकून घ्यायचं.

उंबरठ्यातच थांबल्या. पदर नाकाला. "अगं, घरात काय मेलंय काय?" मी म्हटलं, "या, बसा." म्हणाल्या, "कुठे बसू? श्वास घेववत नाही." मग आत जाऊन खिडक्या धाडधाड उघडल्या. यांनी चहा केला. वन्संनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "दूध नासलंय रे यातलं. तुला कळलं नाही?"

यांनी आपला कप संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. "मला तर बरा लागला," म्हणाले.

मला इतकं भरून आलं. माझी लाज राखायला माणसाने नासका चहा प्यावा! वन्संना मी सरळ म्हटलं, "तुम्हाला माझ्या कामाची किळस येते ना, मग तसं म्हणा. उगाच दुधावर ढकलू नका." त्या उठून गेल्या. जाताना भावाकडे बघून काहीतरी विचारायच्या बेतात होत्या, पण यांनी मान वळवली.

दूध खरंच नासलं होतं, ते मी नंतर बघितलं. मोरीत ओतून टाकलं. तरी मी कबूल करणार नाही.

२ मे, शनिवार

आज भात करपला. हे बाजूच्या खोलीतच खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी जिना चढतानाच मला वास आला, आत आले तर धूर. हे दचकून उठले, जणू मी त्यांना झोपेतून उठवलं. भांड्याचं बूड काळंठिक्कर.

यांचं लक्ष ठिकाणावर नाही. दिवसभर घरात बसून माणूस विचार तरी किती करणार? सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात उभे होते, कॉफीचा डबा नाकाशी धरून, डोळे मिटून. किती तरी वेळ. मग डबा ठेवला आणि साबणाची वडी उचलली, तीही तशीच नाकाशी. मी पाऊल न वाजवता परत अंथरुणात जाऊन पडले. आपलं स्वयंपाकघर आठवत असेल, हॉटेलातलं. मोठ्या शेगड्या, टांगलेले झारे. त्या बाईने ते सगळं हिसकावून घेतलं.

आणि हल्ली प्रत्येक घासाला विचारतात, "कसं झालंय?" पूर्वी कधी विचारलं नाही. पूर्वी आपणच सांगायचे, कसं झालंय ते. परवाच्या सुपात मीठ दोनदा पडलं होतं. मी "छान" म्हटलं. आत्मविश्वास पार गेलाय माणसाचा, त्यात मी कशाला भर घालू?

११ मे, सोमवार

आज नको तिथे जावं लागलं. हॉटेलच्या अंगणात मुक्कामाला गाड्या आल्या होत्या, मालकीणबाईंनी कॅम्पवर फोन केला, मास्तरांनी मला पाठवलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

काम केलं. एक शब्द बोलले नाही. पाइप गुंडाळत होते तर बाई मागच्या दारातून स्वतः आल्या. माझ्याशी बोलायला धजल्या.

"कसे आहेत ते?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? एवढी वर्षं राबवून घेतलंत आणि एका दिवसात हाकललंत."

बाईंनी दार मागे लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं. चांगला माणूस आहे, कुणाच्या पाठीमागे बोलत नाही."

"बाई," त्या म्हणाल्या, "कोंबडी आंबली होती. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि मला मळमळलं. आणि ते पातेल्यावर वाकून ढवळत होते. तोपर्यंत एका टेबलावर ताटं गेली होती. वाढदिवस होता एका छोट्या मुलीचा. तीच सगळ्यात जास्त आजारी पडली. दवाखान्यात होती पोर. आठवडाभर आम्हाला कळत नव्हतं, काय होतंय."

मी म्हटलं, "खोटं."

"त्यांना विचारा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. हे पाणी प्यायले. म्हणाले, "जाऊ दे." मी म्हटलं, "जाऊ दे कसं? तुमच्यावर एवढा घाणेरडा आळ घेते ती!" तर म्हणाले, "पोरगी बरी आहे आता. खेळते अंगणात."

यांना कसं कळलं, विचारायचं राहून गेलं. मी त्या बाईला शिव्या घालण्यात गुंतले होते.

२० मे, बुधवार

सगळं संपलं असं वाटतंय.

पाइप फाटला. ऐन कॅम्पच्या मधल्या रस्त्यावर, सकाळी, लोक नाश्ता करत बसले असताना. पंप बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं. एका बाईच्या मांडलेल्या टेबलाखालून ओघळ गेला. ती किंचाळली. मास्तर शिट्टी फुंकत धावत आले. जणू शिट्टीने ते थांबणार होतं. मी गुडघ्यांवर बसून फडक्यांनी, बादलीने, हातांनी ते गोळा करत होते आणि चहूबाजूंनी लोक फोनवर माझे फोटो काढत होते.

मास्तर मग ऑफिसात म्हणाले, "मी तुमच्या बाजूने आहे हो. पण वरचे लोक शहरातल्या कंपनीला बोलावतील. अजून एक तक्रार आली तर माझ्या हातात काही नाही."

ट्रकमध्ये बसून रडले. रडता रडता चेहरा पुसायला हात वर नेला आणि हाताचाच वास आला. धड रडताही येत नाही या कामात.

लाँड्रीत आता दुसरी बाई लागली आहे. परतीची वाट नाही. हे घरी बसलेले. माझं वय हे असं. गाडी तशीच चालू करून कुठेतरी निघून जावं, जिथे मला कुणी ओळखत नाही, असं आज पहिल्यांदा मनात आलं. आणि लगेच आलं, या ट्रकमधून गेले तर गावात शिरण्याआधीच ओळखतील.

हसले. मग परत रडले.

घरी आले तेव्हा हे म्हणाले, "उद्यापासून मी येतो. दोघं करू."

२२ मे, शुक्रवार

दोन दिवस हे बरोबर येतायत. काय सांगू!

मला वाटलं होतं, अर्ध्या तासात पळतील. स्वयंपाकघरातला माणूस, टाचणीएवढा डाग एप्रनवर चालत नसे. पण हे तोंडाला फडकंसुद्धा बांधत नाहीत. गाडीखाली उताणे झोपतात, जोड आवळतात, तोंडाशी चेहरा नेऊन बघतात की गळतंय का. दुपारी ट्रकच्या पायरीवर बसून पाव खाल्ला, शेजारी पाइपचं तोंड उघडं. मी लांब जाऊन खात होते, मला खूण करून बोलावलं. मास्तर बघतच राहिले. मला म्हणाले, "पोलादी माणूस आहे तुमचा."

मी म्हटलं, "माझ्यासाठी करतात." बोलून गेले आणि अभिमानाने कान गरम झाले.

दोघं असल्यावर कामही पटापट होतं. तक्रार नाही. निळ्या व्हॅनमधल्या म्हातारबाई तर म्हणाल्या, "तुम्ही दोघं फार छान दिसता." मैला उपसताना कुणी छान दिसतं का!

२७ मे, बुधवार

मास्तरांनी आज शेडमधलं यांना समजावलं. जमिनीतली टाकी मोठी आहे, आत वायू साठतो. शेडला खिडकी नाही, फक्त दार. "दार सताड उघडं ठेवायचं. पाइप टाकीच्या तोंडावरच्या झडपेत सोडायचा आणि बाहेर यायचं. सडक्या अंड्यासारखा वास तर येणारच. पण वाढला असं वाटलं, की हातातलं टाकून बाहेर या. त्या वेळी शूरपणा नको."

हे मान हलवत होते.

परतताना मी पण बजावलं. "ऐकलंत ना? वास वाढला की बाहेर या. तुमचं ते नाक न मुरडणं माझ्यासमोर ठीक आहे, तिथे नको."

यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मग समोरून एक भलीमोठी व्हॅन वळली, मला ट्रक बाजूला घ्यावा लागला, आणि ते राहिलं.

"काय म्हणत होतात?" मी नंतर विचारलं.

"काही नाही. बरं म्हणालो."

४ जून, गुरुवार

हे जिवंत आहेत. आधी तेवढं लिहिते.

काल सकाळी. ट्रक शेडच्या दाराशी मागे घेतला होता. मी ट्रकच्या व्हॉल्व्हपाशी, हे आत पाइप झडपेत सोडायला. वारा होता. दार दोनदा आपटलं, मग आवाज थांबला. मला वाटलं, यांनी दगड लावला असेल. पंपाच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं.

मग वास आला. नेहमीचा नव्हे. डोळ्यांत जाणारा. मी ओरडले, "अहो, बाहेर या!" उत्तर नाही. परत ओरडले. पंप बंद केला आणि शेडकडे धावले. दार लागलेलं होतं.

उघडलं. हे झडपेपाशी गुडघ्यांवर होते, कपाळ कडेला टेकवून, नमस्कार केल्यासारखे. पाइप निसटला असणार, तो धरायला वाकले असणार. मी श्वास कोंडून आत गेले, कॉलर धरून ओढलं. हलेनात. एवढा जड माणूस मी कधी ओढलाय? बाहेर येऊन श्वास घेतला, परत गेले. तेवढ्यात मास्तर आले, त्यांनी पट्टा धरला. दोघांनी दाराबाहेर ओढून गवतावर टाकलं. मास्तर शिट्टी फुंकायला लागले. थांबेचनात. सगळ्या गाड्यांमधून लोक धावत आले. कुणीतरी डॉक्टर बाई होत्या त्यांच्यात, सुट्टीवर आलेल्या, त्या यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या. हे खोकले. तो खोकला मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रुग्णवाहिकेत नर्सने मला विचारलं, "वास आला नाही का त्यांना? एवढा भयंकर असतो तो." मी म्हटलं, "फार सोशिक आहेत हो."

किती मूर्ख बाई आहे मी.

५ जून, शुक्रवार

आज डॉक्टरांनी यांना बसवून डोळे मिटायला सांगितले आणि नाकाशी एक डबी धरली. मी भिंतीशी खुर्चीवर होते.

"कशाचा वास येतोय?"

हे जरा वेळ थांबले. "साबण," म्हणाले.

मला खुर्चीवरून कॉफीचा वास येत होता.

दुसरी डबी. "हं... कॉफी?" ती संत्र्याची साल होती. तिसऱ्या डबीला यांनी उत्तरच दिलं नाही. डोळे मिटलेलेच, पण कडांतून पाणी यायला लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला कधी मार लागला होता का? हे "नाही" म्हणाले. मी म्हटलं, "लागला होता. जानेवारीत हॉटेलच्या मागच्या पायरीवरून घसरले होते. मागे टेंगूळ आलं होतं. मी बर्फ लावून दिला आणि हसले होते."

वासाच्या नसा धाग्यासारख्या बारीक असतात म्हणे. डोकं आपटलं की तुटतात. कधी परत येतो वास. एवढे महिने गेल्यावर बहुधा नाही.

डॉक्टर बोलत होते आणि मी तिथे बसल्या बसल्या एकेक करून मागे जात होते. चहा. भात. सूप. कोंबडी. पायरीवर बसून खाल्लेला पाव. आणि दारात उभं राहून रोज मला जवळ घेणं.

ते आठवलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथे भिंत होती म्हणून थांबले.

८ जून, सोमवार

घरी आणलं. दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. आज दुपारी फुटले.

"का नाही सांगितलंत?"

"येईल परत वाटलं. रोज सकाळी वाटायचं, आज येईल." मग म्हणाले, "आचारी आहे मी. दुसरं काय येतं मला?"

"आणि ती पोर? पातेल्यावर वाकून उभे होतात तुम्ही."

"रंग बघितला होता. रंग बरा होता." यांचा आवाज बसलाय अजून, घोगरा येतो. "मी जायचो तिच्या घरावरून. दुपारी तू कामावर असायचीस तेव्हा. पलीकडच्या रस्त्याने. अंगणात खेळताना दिसली की परत यायचो. आत जायची छाती झाली नाही."

मी विचारणार नव्हते, पण विचारलं. विचारलं नसतं तर गुदमरले असते.

"म्हणजे मला जवळ घेत होतात, ते वास येत नव्हता म्हणून. मी वेडी समजत होते, माझ्यासाठी सोसतायत."

हे माझ्याकडे बघत राहिले. खरंच न कळल्यासारखे.

"अगं, दिसत तर होतं ना मला," म्हणाले. "गुडघ्यापर्यंत भिजून आली होतीस."



१३ जून, शनिवार

सकाळी वन्सं आल्या. सरळ जाऊन फ्रिज उघडला. एकेक भांडं काढून नाकाशी धरायच्या, कडेला ठेवायच्या किंवा मोरीत ओतायच्या. सगळं झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, "त्या दिवशी दूधच होतं गं ते. तुला नव्हते बोलत." मी म्हटलं, "माहीत आहे, वन्सं." त्यांनी भावाच्या डोक्यावर मागून हात फिरवला, टेंगूळ शोधत असल्यासारखा. आता कुठलं टेंगूळ.

दुपारी शिट्टीमास्तर. मला वाटलं, आता काढल्याचं सांगायला आले. आत आलेच नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, गळ्यात शिट्टी नव्हती. म्हणाले, "शेडला पंखा पाहिजे, हे मी दोन वर्षांपूर्वी वर बोललो होतो. एकदाच बोललो. परत कोण कटकट करणार, म्हणून सोडून दिलं." मग बराच वेळ जिन्याखालच्या सायकलींकडे बघत बसले. पंखा आता बसवला आहे, दार काढून टाकलं आहे. कॉलरला लावायचं यंत्र आणलंय, वायू वाढला की ते ओरडतं. काम माझंच आहे, ते म्हणाले. मी येत असेन तर.

मला ते काम नको आहे.  पण दुसरं काय आहे? सोमवारपासून येते म्हटलं.

हे आतून सगळं ऐकत होते. मास्तर गेल्यावर म्हणाले, "मंगळवारी जरा ट्रक थोड्या वेळासाठी मिळेल का? दोन ठिकाणी जायचंय. चालत जायचं अजून जमत नाही."

१६ जून, मंगळवार

आधी हॉटेल. मागच्या दाराशी ट्रक लावला. हे उतरले, मी मागून. मालकीणबाई दारातच होत्या.

हे म्हणाले, "मला वास येत नाही. तेव्हाही येत नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

बाईंचा चेहरा कसा कसा होत गेला. मला वाटलं, रागावतील. मला वाटलं, रडतील. शेवटी म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम केलंत. पगारावरून आपलं बोलणं झालं होतं ना, म्हणून. चार महिने मी तेच धरून बसले होते." दाराची कडी उगाच वरखाली करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

"तिथेच चाललोय," हे म्हणाले.

घर मला माहीत नव्हतं, यांना पाठ होतं. लाकडी फाटक, अंगणात चेंडू. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं आणि ती आली. सहासात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे उभ्या ट्रककडे बघितलं आणि दोन्ही हातांनी नाक दाबलं.

"शीऽऽ! तुमच्या गाडीला किती घाण वास येतोय!"

मी जमिनीत गेले. हे मात्र हळूहळू खाली बसले, तिच्या उंचीचे झाले.

"येतो का? खूप?"

"खूऽऽप!"

"कसा येतो? सांग ना मला."

तिला कुणी असं विचारलं नसावं. नाकावरचे हात काढून तिने नीट हुंगलं. "सडक्या अंड्यासारखा. आणि... आणि ओल्या कुत्र्यासारखा. आणि शाळेच्या संडासासारखा, सोमवारचा."

"सोमवारचा वेगळा असतो?"

"हो! दोन दिवस बंद असतं ना."

हे एकेक शब्द ऐकत होते, तहान लागलेला माणूस पाणी पितो तसे. तेवढ्यात मागे तिचे वडील येऊन उभे राहिले. हे उठले. उठायला वेळ लागला, मला हात द्यावा लागला. मग यांनी सांगितलं. कोण आहोत, काय झालं होतं. लपवून ठेवलं होतं, हेही. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे झालं ते."

वडिलांनी मुलीला आत पाठवलं. ते आमच्याहून बरेच तरुण आहेत. दाराला धरून उभे होते.

"ती अजून बाहेरचं काही खात नाही," म्हणाले. "कुणाचा वाढदिवस असला तरी घरून डबा नेते. आणि खायच्या आधी आईला हुंगायला लावते."

यांनी मान खाली घातली.

"तुम्ही आलात ते..." वडील म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. "जा आता. प्लीज."

दार लागलं. आपटलं नाही, लावलं.

गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली पण फिरवली नाही. हे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल यांना. तसं काही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

मग म्हणाले, "खरंच येतो का गाडीला एवढा वास?"

"येतो."

"आत बसल्यावरसुद्धा?"

"आतच जास्त. गादीत मुरलाय."

हे काचेतून समोर बघत राहिले. "आणि तू रोज यात बसून जातेस. कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

 यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, पूर्ण खाली. मग माझ्यावरून वाकून माझ्या बाजूची केली. मी किल्ली फिरवली. तळ्याकडच्या रांगेतल्या गाड्यांच्या टाक्या कालपासून भरल्या होत्या, त्या उपसायच्या होत्या.